अर्धी खूण

नानाकाकांनी खांद्यावरचा पंचा काढला, एकदा झटकला आणि होडीतल्या जीपीएसच्या पडद्यावर टाकला. नुसता टाकला नाही, दोन्ही टोकं मागे नेऊन गाठ मारली. मग आउटबोर्ड इंजिनाचा आवाज कमी केला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने किनाऱ्याकडे बघत राहिले. चाळीसेक दिवसांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, मी दोन दिवस खपून ते जीपीएसचं यंत्र होडीवर बसवलं होतं. बोटांना चिकटवायच्या रेझिनचा वास आठवडाभर येत होता. आणि आता, जिथे त्याचा खरा उपयोग नेमक्या त्या ठिकाणी, त्याला पंचा गुंडाळलेला. मी काही विचारायच्या आत नाना म्हणाले, "ऊन लागात तेका."

सूर्य अजून सह्याद्रीच्या मागेच होता.

तो पंचा मला तेव्हापासून छळतोय. खरं तर राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण रागापेक्षा आपण काहीतरी चुकीचं वाचलंय, अशी रुखरुख जास्त होती. शाळेत पेपर देऊन बाहेर आल्यावर कुणीतरी सहज म्हणतं, "तिसरा प्रश्न मागच्या पानावर पण होता ना," तशी.

यंत्र घेण्याचं कारण धुकं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मागच्या जानेवारीत एका पहाटे नाना किनाऱ्याजवळ येऊन अडकले होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज येतोय, पण किल्ला कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. मालवणात शिरायची वाट ज्यांना माहीत आहे त्यांना यातली भीती वेगळी सांगायला नको; तिथे खडप, म्हणजे पाण्यातले खडक, इतकं आहे की महाराजांनी किल्ला तिथेच का बांधला ते होडीत बसल्यावर कळतं, पुस्तकात कळत नाही. नाना नांगर टाकून तीन तास बसले आणि नऊ वाजता घरी आले. काकू पायरीवर बसून होती. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही, आणि काकूने पेजेचं ताट पुढे केलं. धुकं हे कारण खरंच आहे. पण त्याच्या मागचं कारण होतं नानांचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की "हंगाम संपांदे" हे एकच उत्तर, आणि हंगाम संपला की पावसाळ्यात जखम चिघळते हे दुसरं. मी ठाण्यात राहतो. राहून काळजी घेणं जमत नाही तेव्हा माणूस वस्तू विकत घेतो. आईला मिक्सर, सासऱ्यांना रक्तदाबाचं यंत्र, नानांना चार्टप्लॉटर.

मालवणात त्याला चार्टप्लॉटर कुणी म्हणत नाही. ट्रॉलरवर असो की होडीत, सगळंच "जीपीएस". मी घेतलेलं सगळ्यांत स्वस्तातलं होतं, पाच इंची पडदा, आत समुद्राचा नकाशा आणि सोबत पाण्याची खोली मोजणारा सेन्सर. चोवीस फुटी उघड्या फायबर होडीला रडार नि बाकी थाट कशाला? खोकं उघडल्यावर नानांनी पहिल्यांदा सेन्सर हातात घेतला, काळा, साबणाच्या वडीएवढा, आणि विचारलं, हा कुठे लावायचा. मी म्हटलं, होडीच्या मागच्या फळीला, पाण्याखाली राहील असा, स्क्रू मारून. त्यांनी तो परत खोक्यात ठेवला.

"होडीक भोंक? आणि ता पण पाण्याखाली?"

त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. खरं म्हणजे त्यांचंच बरोबर होतं. फायबरला पाण्याखाली भोक पाडलं आणि आतली कड नीट बंद झाली नाही, तर पाणी थरांमध्ये मुरत जातं आणि चार वर्षांनी फळी दाबली की पापडासारखी वाजते. शेवटी बंदरावर फायबरचं काम करणाऱ्या मिस्त्रीने तोड काढली. सागवानाचा वीतभर तुकडा घेतला, होडीची मागची बाजू घासून खरखरीत केली, आणि रेझिन नि फायबरच्या मॅटचे दोन थर देऊन तुकडा होडीलाच चिकटवून टाकला. स्क्रू सागवानात. होडी अभंग. नाना उकिडवे बसून ते सगळं बघत होते. काम झाल्यावर त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला, मग पायाने, आणि मान डोलावली. सेन्सर पंख्यापासून लांब हवा, नाहीतर पंख्याने घुसळलेल्या पाण्यातले बुडबुडे त्याला तळासारखे दिसतात. तेही मिस्त्रीनेच सांगितलं. माहितीपुस्तिका माझ्या खिशात होती, ती तशीच राहिली.

विजेची गंमत निराळी. नानांचं इंजिन दोरी ओढून सुरू होतं, म्हणजे होडीत बॅटरीच नाही. मी बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची, यूपीएसमध्ये असते तशी बॅटरी घेतली होती. यंत्र पाऊण अँपिअरच्या आसपास खातं, म्हणजे कागदावर नऊ तास आणि प्रत्यक्षात सहा. सकाळच्या फेरीला पुरे. पण ती ठेवायची कशात? काकूने पिठाचा डबा दिला. दिला म्हणजे, मी रिकामा करून घेतला आणि मग परवानगी मागितली. डब्याच्या झाकणाला भोक पाडायला कुणाची हरकत नव्हती. लाल तारेवर बॅटरीजवळच तीन अँपिअरचा फ्यूज, जोडांवर ग्रीस, वरून रबरी नळी. साधी तांब्याची तार घेऊ नको, कथिलाचा मुलामा असलेलीच घे, असं मला कामावरच्या एका मित्राने बजावलं होतं. तरी एका जोडाला मी कंटाळा केला, घरातली साधी तार वापरली. डिसेंबरात तो जोड उघडला तर आतून हिरवागार. देवघरातल्या तांब्याला चढतो तसा कळंक, पण पिठूळ, आणि तारेच्या आत बोटभर शिरलेला. समुद्राला कंटाळा कळतो.

पहिल्या दिवशी यंत्र सुरू केलं तेव्हा होडी वाळूवर होती. उपग्रह सापडायला दोनेक मिनिटं गेली. तेवढ्यात बाबल्या, म्हणजे नानांचा खलाशी, आणि आजूबाजूची पाच-सहा पोरं जमली. पडदा उजळला, निळं पाणी, पिवळी जमीन, आणि आमची होडी पिवळ्यावर, किनाऱ्यापासून चांगली आत, कुणाच्या तरी माडाच्या बागेत उभी. पोरं हसली. "नाना, नारळ पाडा आता!" मला तेव्हा ओशाळं वाटलं, पण चूक उपग्रहांची नव्हती. आकाशातून जागा काही मीटरच्या फरकाने बरोबर येते. ती ज्यावर टेकवायची तो नकाशा जुन्या मोजणीवरचा आणि स्वस्तातल्या यंत्रात भरताना आणखी ठोकळेबाज झालेला. बाहेर खोल पाण्यात फरक पडत नाही. किनाऱ्यालगत, जिथे हातभर चुकलं तरी होडी फुटते, तिथे पडद्यावर नुसता फिका निळा रंग आणि मधे मधे अधिकची चिन्हं. प्रत्येक अधिक म्हणजे पाण्याखालचा खडक. नानांना त्यातल्या प्रत्येकाचं नाव माहीत आहे, काहींचा स्वभावही. आणि पडद्यावर नसलेल्यांचाही.

एका गोष्टीवर मात्र ते खूश झाले. सेटिंगमध्ये खोली मीटर, फूट की फॅदम असं विचारतात. फॅदम म्हणजे आपलं वाव. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत. मी ते निवडलं आणि पडद्यावर ९ आला. नानांनी लगेच दोरीला वजन बांधून तळाला सोडलं आणि वर ओढताना छातीवरून हात पसरत मोजलं. दहा. परत मोजलं. दहा. बाबल्याने माझ्याकडे पाहिलं, माझं तोंड उतरलेलं. मग लक्षात आलं. यंत्रातलं वाव सहा फुटांचं. नानांची उंची सव्वापाच फूट, हातही त्याच बेताचे. हे सांगितल्यावर ते बराच वेळ हसत राहिले. "म्हणजे ह्यां माप इंग्रेजाच्या हाताचां!" त्यानंतर कितीतरी दिवस ते पडद्यावरचा आकडा वाचून मनात एक-दशांश मिळवत आणि तो आपल्या मापात बोलून दाखवत. यंत्राला त्यांनी असं आपल्या हाताच्या मापाचं करून घेतलं.

तर त्या पंच्याच्या दिवशी. षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती पूर्ण. हा हिशेब यंत्रात भरती-ओहोटीच्या पानावर आलेखासकट आहे, पण नाना कालनिर्णयाकडे बघतात आणि अंगणात येईपर्यंत उत्तर तयार असतं. पावणेपाचला आम्ही होडी ढकलली. ओहोटी लागलेली, मतलई वारा पाठीवर, इंजिनाला कष्ट नाहीत. अंधारात पडद्याचा उजेड नानांच्या हनुवटीवर पडला होता. येता-जाता ते त्याकडे बघत होते, मला बरं वाटत होतं. उजाडता उजाडता नानांचा मासळीचा खडक जवळ आला असावा, कारण त्यांनी वेग कमी केला. आणि पंचा काढला.

मग त्यांनी मला विचारलं, "कळस दिसता?"

मी म्हटलं, दिसतो. "माडाच्या खंयच्या आंगाक?" डावीकडे, मी म्हटलं, दोन बोटं. कुठला कळस आणि कुठला माड ते मी इथे लिहिणार नाही. होडी हळूहळू सरकत होती. दोन बोटं, एक बोट, अर्धं. "आता माडार इलो," मी म्हटलं. तेव्हा नानांनी सुकाणू तसंच धरून, त्या रेषेतच होडी ठेवून, मान वळवली आणि पुढे नाळेवर बसलेल्या बाबल्याला काहीतरी विचारलं. हळू आवाजात. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. बाबल्या दक्षिणेकडे बघत होता. त्याने हाताने थोडं, अजून थोडं असं दाखवलं, मग मूठ मिटली. नांगर.

तळावर गरी पोचली तसा पहिलाच तांबोसा लागला. नंतर एक गोबरा. मी तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, ओढून बोटं कापून घेतली आणि बाकी सगळं विसरलो. परत येताना आठवलं.

समुद्रात खूण एक असून भागत नाही. जमिनीवरच्या दोन वस्तू एकामागे एक आल्या की तुम्ही एका रेषेवर आहात एवढंच ठरतं, आणि ती रेषा क्षितिजापर्यंत जाते. तिच्यावर कुठे, हे ठरवायला दुसरीकडच्या दोन वस्तूंची दुसरी रेषा लागते. दोन रेषा एकमेकींना कापतात तिथे खडक. तो खडक वाड्याच्या चौकाएवढा, वर दहा वाव पाणी, चारी बाजूंना सपाट चिखल. पन्नास मीटर चुकलात तर दिवसभर नुसते खेकडे. नानांच्या वडलांनी नानांना या रेषा दाखवल्या तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते, आणि दाखवताना होडीत तिसरं माणूस नव्हतं. आता नानांच्या डोळ्यांना कळस दिसत नाही. मग त्यांनी डोळे उसने घेतले, पण एकाकडून नाही. एक रेषा माझ्याकडून, एक बाबल्याकडून. माझ्याकडे अर्धी खूण, त्याच्याकडे अर्धी. पुरी फक्त नानांकडे.

आणि पंच्याखाली यंत्राकडे.

एवढी लपवाछपवी कशाला, असं शहरातल्या माणसाला वाटेल. मलाही वाटायचं. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. त्याआधी जागा शंभरेक मीटर इकडे-तिकडे यायची. म्हणजे दोन डझनांवर उपग्रह मिळून नानांचा खडक शोधू शकत नव्हते आणि नाना एका माडावरून शोधत होते. त्यानंतर चित्र फिरलं. एखाद्या खडकावर चांगली मासळी लागली आणि कुणी बटण दाबलं की झालं. तो आकडा कागदाच्या चिठ्ठीवर जातो, फोनवर जातो, डिझेलच्या उधारीत वळता होतो. पुढच्या आठवड्यात तिथे दहा ट्रॉलर. पूर्वी जागा चोरायला निदान मागोमाग यावं लागायचं, डोळा ठेवावा लागायचा, आणि तुम्ही मुद्दाम भलतीकडे नेऊन त्याला फसवू शकत होतात. नाना ते किस्से फार रंगवून सांगतात. आकड्याला फसवता येत नाही.

दुसरी बाजूही मला दिसते, म्हणूनच तर मी ते घेतलं. ओखी वादळाच्या वेळी, डिसेंबर २०१७ मध्ये, केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. त्यांना इथला कुठला कळस माहीत होता? आणि खुणा तरी कुठे कायमच्या असतात? तौक्ते येऊन गेलं, मे २०२१, तेव्हा आमच्याकडे माड काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडून पडले होते. लोक छपरं बघत होते, विजेचे खांब बघत होते. नाना दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन नुसते वर बघत उभे राहिले. मला वाटलं धक्का बसलाय. आता कळतं, ते कुठला माड उरलाय ते मोजत होते. मी ज्याच्या बाजूने बोटं मोजली तो माड बदली कामगार आहे, असं त्यांनी नंतर एकदा स्वतःच सांगितलं. मूळचा तौक्तेत गेला. नवीन माड मूळ रेषेपासून किती बाजूला, त्या हिशेबाने होडीतही बाजूला धरायचं. हे त्यांच्या डोक्यात आहे. ते मला सांगताना त्यांनी फक्त माझ्याच रेषेचं सांगितलं.

एकदा मी धीर करून विचारलं की, तुमच्यानंतर काय? निदान एक बटण दाबून ठेवू या, नाव नको, नुसता नंबर. ते जाळ्याची गाठ सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "ता सांगता तर मी कशाक?" त्यात तक्रार नव्हती. रागही नव्हता. हिशेब होता. आणि मला त्यावर काही सुचलं नाही, कारण माझ्या कामावरही गेल्या वर्षापासून असंच काहीसं चाललंय. पण ते इथे नको.

१ जूनला मासेमारी बंद झाली. होडी ओढून वर घेतली, झापांनी शाकारली. यंत्र पावसात होडीवर ठेवण्यात अर्थ नाही म्हणून नानांनी एसटीने ठाण्याला पाठवलं, पिठाच्या डब्यात, त्याच पंच्यात गुंडाळून. डबा काकूला परत हवा आहे, असा निरोपही होता. जून संपता संपता नानांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा गणपतीनंतर. जुलैत एका रविवारी मी ते जेवणाच्या टेबलावर घेतलं, कळंक साफ करायला. मुलीने पडदा सुरू केला. खिडकीपाशी त्याला उपग्रह मिळाले आणि नकाशा ठाण्यात आला, नुसतं पिवळं. "समुद्र कुठंय?" ती म्हणाली. मी नकाशा खाली सरकवत मालवणपर्यंत नेला.

तिथे रेघा होत्या. बारीक, काळ्या, शेकड्याने. नानांच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या आणि तिथेच परत येणाऱ्या. मी पुस्तिका तेव्हा उघडली असती तर कळलं असतं: होडी जिथून जाते तो माग हे यंत्र आपणहून नोंदवत राहतं, बंद करेपर्यंत. पडदा झाकला काय, उघडा काय. सरळ येणाऱ्या रेघा जाऊन जाऊन एकेका जागी गुंता करत होत्या, कारण नांगरावर होडी झुलते आणि यंत्र ते झुलणंसुद्धा लिहितं. मी गुंते मोजले. सात. माझी अर्धी खूण नि बाबल्याची अर्धी, आणि मला कधीच न दाखवलेल्या आणखी सहा जागांच्या, एकमेकींवर पडलेल्या. टेबलावर, वरणाच्या वाटीशेजारी.

माग पुसायचं बटण तिथेच आहे. न पुसता ठेवलं तरी स्मृती भरली की जुन्या रेघा आपोआप गळतात आणि नवीन येतात, पण ती भरायला अजून एक हंगाम तरी लागेल. मी बराच वेळ बोट तसंच ठेवून बसलो. पुसावं तर एकशेवीस-तीस वर्षांचं काहीतरी आपल्या हाताने पुसतोय असं वाटायचं, आणि ठेवावं तर आपण चोर.

संध्याकाळी नानांचा फोन आला. डोळ्यात थेंब घालतोय, काकू नीट घालत नाही, नाकावर पडतात, असं सगळं सांगून झालं. मग थोडं थांबून म्हणाले, "यंत्र बरां आसा मा? काय दिसता तेच्यात?"

"काय नाय," मी म्हटलं. "कोरां आसा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी विचारलं, ठाण्याला पाऊस कसा आहे.